उतारसाहेबांचा सेल्फ

आमच्या सासऱ्यांना सगळे 'उतारसाहेब' म्हणतात. पूर्वी पाठीमागे म्हणायचे, आता सरळ तोंडावर म्हणतात, आणि बाबाही मान डोलावून ओ देतात. बाहेरच्यांना वाटतं, नाव नोकरीवरून पडलं असेल, कारण बाबा रस्तेखात्यात ओव्हरसियर होते आणि कुठल्या रस्त्याला किती उतार दिला म्हणजे पाणी साचत नाही, यातच त्यांचा जन्म गेला. पण खरं सांगू? नाव पाडलं ते गाडीने. त्यातही अख्ख्या गाडीने नाही, तिच्या पोटातल्या मुठीएवढ्या एका डबीने.

गाडी जुनी. लांब काळं बॉनेट, दाराखाली पाय ठेवायला फळी, भेगा पडलेल्या चामड्याच्या सीटा, आणि दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज. मुळात ती आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, वडिलांची. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांना मुली दोनच, थोरल्या आक्कामावशी आणि धाकट्या आमच्या आई. अण्णा गेले तेव्हा आक्कामावशी म्हणाल्या, "गाडी धाकटीने घ्यावी. माझ्याकडे ठेवायला जागा नाही. फक्त अधूनमधून दारात आणत जा आणि मला एक चक्कर मारून आणा, बस." एवढं बोलून त्यांनी गाडीवरचा हक्क सोडला. इतक्या मोठ्या मनाची बाई मी तरी दुसरी पाहिली नाही.

गाडी बाबांच्या हाती आली आणि थोड्याच दिवसांत तिने रंग दाखवले. किल्ली फिरवली की कधी पटकन चालू व्हायची, कधी आतून नुसतं 'टिक्'. परत फिरवा, परत 'टिक्'. गॅरेजवाल्यांच्या भाषेत सेल्फ, म्हणजे स्टार्टर, लागायचा नाही. गाडी गरम झालेली असली की हमखास. बाबांनी एकाला दाखवली, त्याने बॅटरी बदलली. टिक्. दुसऱ्याने वायरी बदलल्या. टिक्. तिसरा म्हणाला, "हा स्टार्टर आता मिळत नाही. इथे कापतो आणि दुसऱ्या गाडीचा बसवतो." कापतो म्हटल्यावर बाबांनी गाडी अशी पळवली की घरी येईपर्यंत इंजिन बंद केलं नाही. त्या दिवसापासून कुठल्याही मिस्त्रीला बॉनेटला हात लावू दिला नाही.

त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे उतार. गाडी उतारावर उभी करायची, निघताना हँडब्रेक सोडायचा, दुसरा गिअर टाकायचा, जरा वेग आला की क्लच सोडायचा. गाडी खोकते, दचके देते आणि चालू होते. म्हटलं तर सोपं. पण एकदा माणूस उताराच्या नादी लागला की काय होतं, ते आमच्या घरात येऊन बघा.

माणसं घर घेताना पाणी बघतात, उजेड बघतात, शेजार बघतात. बाबांनी रस्ता बघितला. आमचं घर टेकडीच्या अगदी वरच्या टोकाला आहे. भाजीची पिशवी घेऊन चढताना माझा जीव जातो, पण गाडी दारातून सुटली की थेट खालच्या चौकापर्यंत घरंगळते. बाबांचा न्हावी उतारावर. बँक उतारावर. दातांचा डॉक्टरसुद्धा उतारावरचा. त्याने बाबांचा दुखरा दात सोडून शेजारचा काढला, तरी बाबा त्याच्याकडेच जातात, कारण त्याच्या दवाखान्यासमोरचा रस्ता त्यांच्या मते 'आदर्श' आहे. खिशात कायम एक काचेची गोटी. नवीन ठिकाणी गेलं की आधी गोटी जमिनीवर ठेवायची. ती घरंगळली तर दुकान चांगलं, थांबली तर दुकान वाईट. एक जिवलग मित्र मुलाकडे सपाट वस्तीत राहायला गेले, तर ती मैत्री फोनवर आली. आणि माझं माहेर? घाटाच्या तोंडाशी! लग्न ठरवायला बाबा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही. अंगणात उभं राहून रस्ता न्याहाळला आणि म्हणाले, "माझ्याकडून होकार." मी अजून नवऱ्याला विचारते, अरे, तुमच्याकडे मी पसंत पडले की माझ्या घरासमोरचा रस्ता? तो जहाजावर नोकरीला आहे, तिकडून नुसता हसतो. त्याला हसायला काय जातंय, गाडी ढकलायला मी आहे ना इथे!

हो, ढकलायला. कधी उतार कमी पडायचा, कधी पुढे कुणी गाडी लावलेली असायची. मग बाबा स्टिअरिंगवर आणि मी मागे. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी ती गाडी ढकलली आहे, आणि बाबा खिडकीतून ओरडत होते, "सूनबाई, मनापासून!" सपाट जागी जाणं टळणारच नसेल, तर इंजिन चालू ठेवायचं, बाबांनी आत जाऊन काम उरकायचं आणि मी चालू गाडीत राखण बसायचं. बसून बसून मी एक अख्खा स्वेटर विणला. दुकानदार धुराने खोकत बाहेर यायचे आणि माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच धूर काढतेय.

एकदा मी सरळ म्हटलं, "बाबा, काहीतरी बिघाड आहे हो. दाखवा ना कुणालातरी."

"बिघाड नाही," बाबा म्हणाले. "तिला उतार लागतो. तुला सकाळी चहा लागतो, त्याला आम्ही बिघाड म्हणतो का?"

मी हात टेकले.

या सगळ्यात राहून गेल्या त्या आक्कामावशी. त्यांचं घर नदीकाठच्या मळईत. चहूकडे बघावं तिकडे सपाट, उतार औषधालासुद्धा नाही. बाबांनी गाडी तिथे एकदाच नेली होती. निघायच्या वेळी टिक्. जमीन मऊ, चाकं रुतलेली, अख्खी गल्ली ढकलायला जमली, आणि गल्लीतल्या एका आजोबांनी बाबांना विचारलं, "साहेब, रस्ते तुम्हीच बांधता ना?" झालं. बाबांनी कानाला खडा लावला. त्यानंतर आम्ही बसने जायला लागलो, आणि बाबांना दर वेळी काहीतरी कारण असायचं. टायर जुने झालेत. रस्ता खराब आहे. पुढे आईंचे गुडघे गेले, बसच्या पायऱ्या चढवेनात, आणि जाणंच बंद झालं. टॅक्सी करू म्हटलं, तर आक्कामावशी फोनवर म्हणायच्या, "टॅक्सी कसली करता? अण्णांची गाडी घेऊन या." मध्येच तिकडे नवीन रस्ता होणार अशी बातमी आली. तेव्हा बाबांनी आक्कामावशींच्या मुलीला मोठ्या उत्साहात सांगून ठेवलं, "उतार झाला की लगेच कळव. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन हजर होतो."

यंदा आक्कामावशींना ताप आला. साधा ताप आहे, दोन गोळ्यांत उतरेल, असं आम्हाला कळलं होतं. मग एके दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. आई न्हाणीघरात होत्या, मी स्वयंपाकघरात. फोन बाबांनी घेतला. लाइनीत खरखर होती. मला ऐकू आलं ते फक्त बाबांचं बोलणं.

"काय? अजून उतार नाही? अगं, येणारच नाही! मी जन्मभर हेच काम केलंय, मला नको सांगूस. तुमच्याकडे उतार पडणं शक्यच नाही, लिहून घे माझ्याकडून. उगाच आशा लावून बसू नका! काय? तुझ्या मावशीला घेऊन येऊ? अगं वेडे, उतार नाही म्हणून तर मी येत नाही!" आणि मोठ्याने हसले.

आमच्या घरात उताराबद्दल इतकं बोललं जातं की माझ्या कानावरून ते वाऱ्यासारखं गेलं. आई बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "आक्कांच्या मुलीचा फोन होता. रस्त्याचं सांगत होती. जैसे थे आहे." आईंना वाटलं, पोरीला रस्त्याच्या गप्पा सुचतायत म्हणजे आक्का बरी असणार. त्या निश्चिंत झाल्या.

पुढे काही दिवस तिकडून फोन आला नाही, म्हणून आईंनीच केला. मी समोर बसून शेंगा सोलत होते. आईंचा चेहरा बघता बघता पांढरा पडला. पलीकडून आक्कामावशींची मुलगी, मलाही ऐकू येईल इतकं स्पष्ट, एकेक शब्द तोलून बोलत होती. माझ्या आईच्या छातीत कफ झालाय, उठवत नाही, आणि काकांनी स्वतःच सांगितलंय की तिला उतार पडणं शक्य नाही, आशा लावून बसू नका, आणि उतार नाही म्हणूनच ते येत नाहीत. आता मावशी, तुम्ही तरी कशाला चौकशी करता?

आईंनी रिसीव्हर ठेवला. "अहो!" अशी हाक मारली की बाबा अंगणातून धावत आले. "तुम्ही माझ्या बहिणीच्या मरणाचं भविष्य सांगितलंत?"

"मी? मी कधी?"

"उतार पडणार नाही म्हणालात ना?"

"रस्त्याला! रस्त्याला उतार नाही म्हणालो!"

"तापाला, अहो, तापाला! तापाचा उतार विचारत होती ती पोर! जगात उतार फक्त रस्त्यालाच असतो का?"

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, शेंगांची परात तोंडासमोर धरून हसले मी. पण परात खाली केली तर आई रडत होत्या. आवाज न करता, डोळे न पुसता. इतक्या वर्षांत त्या बाईला मी असं रडताना पाहिलं नव्हतं. मी परात बाजूला सारली.

बाबा खुर्चीच्या कडेवर बसले. "मी आत्ता फोन करून सांगतो सगळं."

"फोन नको," आई म्हणाल्या. "फोनने काय दिवे लावलेत ते दिसलं. दारात जायचं. गाडी घेऊन जायचं."

मी म्हटलं, "आई, आज टॅक्सीने जाऊन येऊ या ना."

"आज टॅक्सीने गेले, तर उतार नाही म्हणून गाडी आली नाही हेच खरं ठरेल. आणि गाडी नेऊन इंजिन चालू ठेवून, पाच मिनिटांत पाणी पिऊन परतही यायचं नाही. गाडी बंद करून, आत जाऊन, आक्काच्या उशाशी बसायचं आहे मला. पुढे कधी बसायला मिळेल ते कुणाला ठाऊक?" मग बाबांकडे न बघता म्हणाल्या, "तो सेल्फ की काय असेल तो, दुरुस्त करा. नाहीतर मी चालत जाईन."

त्या गुडघ्यांनी त्या फाटकापर्यंत चालत गेल्या नसत्या. पण बाबांनी वाद घातला नाही. मी तेवढ्यात फ्यूजला फोन लावला.

फ्यूज म्हणजे खालच्या चौकातला गाड्यांचा वायरमन. डोकं लगेच उडतं म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणतात. बाबा आजवर त्याच्याकडे का गेले नव्हते? बरोबर ओळखलंत. त्याचं दुकान सपाट जागेवर आहे. अवजारांची पिशवी घेऊन, सायकल ढकलत तो आमचा चढ चढून आला, तो येतानाच तापलेला.

"साहेब, माणसं राहायला इतक्या वर येतात कशाला?"

"घोटभर पाणी घ्या आधी," मी म्हटलं. माझा आणि त्याचा स्वभाव एक, त्यामुळे जमतं आमचं.

बाबांनी गाडी टेकडीला एक फेरी मारून गरम करून आणली आणि बंद केली. किल्ली फिरवली. टिक्. फ्यूजने मला पुढचे दिवे लावून समोर उभं केलं. "वहिनी, साहेब किल्ली फिरवतील तेव्हा दिवे मंद होतात का सांगा." नाही झाले. "म्हणजे बॅटरी दमदार आहे, पण करंट मोटरपर्यंत जातच नाहीये." बॅटरीची टर्मिनल्स त्याने तरीही घासली. मग स्टार्टरवरच्या मुठीएवढ्या डबीकडे जाणाऱ्या छोट्या वायरीला दिवा लावून बघितला. किल्ली फिरवली की दिवा लागत होता. म्हणजे किल्लीचा हुकूम पोचत होता. शेवटी त्याने गिअर न्यूट्रलला आहे ना ते दोनदा विचारलं आणि भलामोठा स्क्रू ड्रायव्हर डबीच्या दोन जाड बोल्टांवर आडवा टेकवला. ठिणगी उडाली, मी किंचाळले, आणि मोटर घर्रर्र करून फिरली.

"मोटर ठणठणीत आहे," फ्यूज म्हणाला. "आता फिरवा किल्ली." आणि त्याने हातोडीच्या लाकडी दांड्याने डबीवर हलकेच दोन टोले दिले. गाडी चालू झाली.

बाबा उतरून डबीपाशी वाकले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी टेकड्या धुंडाळल्या, ते दोन टोल्यांत?

"सोलेनॉइड अडकतो," फ्यूज म्हणाला. "याच्या आत लोखंडी दांडा असतो. किल्ली फिरवली की चुंबक त्याला ओढतं, त्याने तांब्याची चकती पुढे सरकते, मग मोटरला करंट मिळतो. तुमचा दांडा अर्ध्या वाटेतच थांबतोय. डबी उघडावी लागेल."

"नाही," बाबा म्हणाले.

"अहो साहेब, टोले मारून किती दिवस चालणार?"

"उघडायची नाही!" बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. फ्यूज उडणार इतक्यात आई दारात आल्या, भिंतीला धरून एकेक पायरी उतरल्या. बाबा त्यांच्याकडे बघून म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा झाला की मला ऐकवेना, "अगं, उघडली आणि परत नीट बसलीच नाही तर? हिचा भाग मिळत नाही. आज निदान उतारावर तरी चालते. अण्णांची गाडी माझ्या हाताने बंद पडली, असं नको व्हायला. आक्कांनी आपला हक्क सोडून दिलीये ती आपल्याला."

म्हणजे बघा! मी समजत होते की या माणसाला उताराचं वेड आहे. वेड कसलं, भीती होती ती. इतकी वर्षं गोटी घेऊन फिरत होते भीतीपोटी, आणि आम्ही हसत होतो.

आई म्हणाल्या, "आक्काने गाडी जपून ठेवायला नव्हती दिली. दारात आणायला दिली होती." मग फ्यूजकडे वळल्या. "उघडा तुम्ही."

फ्यूजने आधी बॅटरीची वायर काढली, मग डबी सोडवून ओट्यावर आणली. मी खाली जुनी चादर पसरली. दांडा बाहेर येईना. पकडीने ओढला, पिळला, शेवटी तो 'पॉक्' करून निघाला, आणि त्याच्या अंगावर काळंकुट्ट, डिंकासारखं घट्ट काहीतरी चिकटलेलं.

फ्यूज उडाला. "ग्रीस! यात ग्रीस? अहो हा दांडा कोरडा ठेवायचा असतो! उन्हाळ्यात पातळ होतं, धूळ धरतं, मग असं थिजून बसतं. कोणत्या दीडशहाण्याने भरलंय हे?"

आई म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी."

फ्यूजच्या हातातला दांडा तसाच राहिला. "म्हणजे..." तो चाचरला. "ग्रीस एकदम चांगल्या प्रतीचं आहे हं."

आणि आई हसायला लागल्या. हसता हसता ओट्यावर टेकल्या. "अहो, अण्णा दिसेल त्याला ग्रीस लावायचे! दाराच्या बिजागऱ्या, शिवणाचं मशीन, कात्री. एकदा आक्काच्या सायकलच्या ब्रेकला लावलं आणि ती सरळ विहिरीच्या कठड्यावर जाऊन आदळली. आठवतं ना तुम्हाला?" बाबांना आठवत होतं. पण त्यांना हसू येत नव्हतं. अण्णांची गाडी अण्णांनी ठेवली तश्शी ठेवायची म्हणून ज्याला हात लावू दिला नाही, ते अण्णांनीच मायेने भरलेलं ग्रीस निघालं. त्यांनी तो काळा गोळा बोटावर घेऊन बघितला, आणि मग त्यांच्याही खांद्यांना हसू फुटलं.

पुढचं काम तसं साधं. फ्यूजने दांडा आणि नळी पेट्रोलने धुतली, बारीक पॉलिश पेपर फिरवला, दांडा नळीत वर-खाली आपसूक घसरेपर्यंत फिरवतच राहिला. तांब्याच्या चकतीला एका बाजूने जळून खड्डे पडलेले होते, ती त्याने उलटी करून बसवली. बाबा तेलाची बुधली घेऊन पुढे झाले, तर त्यांच्या हातावर चापट मारायचीच बाकी ठेवली त्याने. "कोरडं राहू द्या! याला माया नको!"

डबी परत बसली. गाडी पुन्हा गरम करून आणली. टेकडीवर सपाट जागा एकच, शेजाऱ्यांच्या फाटकासमोर. बाबांनी तिथे उभी करून बंद केली, हाताने कपाळ पुसलं आणि किल्ली फिरवली. ठक्, आणि गाडी चालू! बंद केली, परत चालू. परत बंद, परत चालू. लहान मुलाला विजेचं बटण सापडावं तसं चाललं होतं त्यांचं.

"बॅटरी उतरेल, साहेब!" फ्यूज ओरडला, तेव्हा कुठे थांबले.

त्याच दुपारी आम्ही निघालो. आई पुढे, मी मागे. मळई लागली, रस्ता सपाट झाला, तसे बाबा स्टिअरिंग घट्ट धरून बसले. मी मनात म्हटलं, बाई गं, आज नखरे करू नकोस.

आक्कामावशींच्या मुलीने दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाली नाही. बाबा खाली उतरले. इंजिन चालूच, सवय, दुसरं काय. तिच्यासमोर उभे राहून, मान खाली घालून, त्यांनी सगळं सांगितलं. रस्त्याचं, फोनच्या खरखरीचं, उताराचं. "पोरी, तुझ्या आईच्या तापाबद्दल मी असं बोलेन का गं? मी रस्त्याचं समजलो. माझी चूक झाली."

रडावं की हसावं हे तिलाच कळेना. तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, पण खणखणीत.

"मला तेव्हाच कळलं होतं! या माणसाच्या तोंडात उतार म्हणजे रस्ताच. हिला मी सांगत होते, ऐकेल तर ना."

आक्कामावशी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. शाल गुंडाळलेली, चेहरा इवलासा झालेला. आई त्यांच्या उशाशी बसल्या आणि दोघींनी एकमेकींचे हात धरले. बाबांचा जीव भांड्यात पडला. "आक्का, तुम्हाला कळलं होतं ना? मग झालं तर. मला वाटलं, तुम्ही मनाला लावून घेतलंत."

"घेतलं ना," आक्कामावशी म्हणाल्या. "तापाचं नाही घेतलं. 'उतार नाही म्हणून तर मी येत नाही', असं हसून म्हणालात, ते घेतलं. ते तर रस्त्याबद्दलच होतं की नाही? ते खरंच होतं."

मलाच कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं, कारण सगळ्या सपाट जागी राखण बसणारी, आणि 'टायर जुने झालेत' या थापेला मान डोलावणारी मीसुद्धा होतेच.

"खरं आहे, आक्का," बाबा म्हणाले. एवढंच म्हणाले. कारण द्यायला गेले नाहीत.

आक्कामावशींनी शाल सावरली. मग म्हणाल्या, "आणलीत का?"

"दारात उभी आहे."

"मग उठवा मला."

मुलीने खूप विरोध केला. डॉक्टर काय म्हणतील, वारा लागेल. पण त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी आणि तिने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना नेलं, पुढच्या सीटवर बसवलं. त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला, दाराच्या मुठीवरून फिरवला, आणि डोळे मिटून घेतले. मी आणि आई मागे बसलो. बाबांनी गाडी नदीच्या कडेने इतकी सावकाश नेली की एक सायकलवाला आमच्या पुढे गेला. कुणालाच घाई नव्हती.

चक्कर मारून आम्ही दारात परत आलो. ऊन कलायला लागलं होतं. बाबांनी गाडी उभी केली, पण हात किल्लीकडे जाईना. इंजिन घुरघुरत होतं.

"बंद करा ती," आक्कामावशी डोळे न उघडता म्हणाल्या.

बाबांनी माझ्याकडे आरशातून बघितलं. मग किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, आणि त्या सपाट मळईत एकदम इतकी शांतता झाली की आईंचा श्वाससुद्धा मला ऐकू येत होता.

"आता परत चालू होईल ना?" आक्कामावशींनी विचारलं.

"व्हायला पाहिजे," बाबा म्हणाले. "फ्यूज तर म्हणाला, होईल. पण हिचा काय भरवसा? नाही झाली, तर आज इथेच मुक्काम पडायचा आमचा."

"मग नकोच होऊ दे मेली," असं म्हणून आक्कामावशींनी हात लांब करून किल्ली काढून घेतली, मूठ शालीच्या आत ओढली आणि मुलीला हाक मारली, "अगं, आतल्या खोलीतल्या गाद्या बाहेर काढून झटक. तिघंही राहणार आहेत."